१९९५ चं सरकार नेमकं कोणी बदललं? युतीने, की ४५ अपक्षांनी?

माणदेशी

१९९५ च्या विधानसभेला मी पहिल्यांदा मत दिलं. तेव्हापासून एक वाक्य ऐकत आलोय, 'महाराष्ट्राने काँग्रेसला झिडकारलं आणि भगवा निवडला.' मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो, ज्यांना माझं पटणार नाही त्यांनी जरूर खोडून काढावं.

आधी आकडे, कारण ते आता फारसे कोणाच्या लक्षात नाहीत. २८८ पैकी काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५, जनता दल ११, शेकाप ६, आणि अपक्ष तब्बल ४५. युतीची बेरीज १३८. बहुमताला लागतात १४५.

आता मतं बघा. काँग्रेसला ३१ टक्के. सेनेला साडेसोळाच्या आत, भाजपला पावणेतेराच्या जरा वर, दोघांचे मिळून २९ टक्क्यांच्या थोडं पुढे. म्हणजे हरलेल्या पक्षाला जिंकलेल्या युतीपेक्षा जास्त मतं होती. १९९० शी ताडून पाहिलं तर काँग्रेस ३८ टक्क्यांवरून ३१ वर आली, सात टक्के गेले. युतीचे वाढले जेमतेम अडीच. मग बाकीची मतं गेली कुठे? अपक्षांना त्या वर्षी साडेतेवीस टक्क्यांच्या वर मतं पडली. तिथे गेली.

हे अपक्ष कोण होते? बहुतेक काँग्रेसच्याच घरातले. कोणी कारखान्याचा संचालक, कोणी जिल्हा परिषदेतला, कोणी तिकीट कापलेला माजी आमदार. अधिकृत उमेदवाराच्या विरोधात ते उभे राहिले आणि लोकांनी त्यांना निवडून दिलं. जिथे निवडून आले नाहीत तिथे त्यांनी काँग्रेसची मतं एवढी खाल्ली की युतीचा माणूस आत गेला. म्हणून मी म्हणतो, ते सरकार बदललं बंडखोरांनी.

यात कमीपणा काही नाही, आणि माझा खरा मुद्दा तोच आहे. आमच्या भागात त्या निवडणुकीत एकच विषय होता, कृष्णेचं पाणी. कडक निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांचं ते वर्ष, भिंती कोऱ्या, कर्णे रात्री बंद. प्रचार म्हणजे चिन्हाची चिठ्ठी हातात द्यायची आणि पारावर बसून बोलायचं. माझा थोरला भाऊ गलाईच्या धंद्यात, दक्षिणेत सोनं-चांदी गाळायचं दुकान. आमच्याकडच्या घरटी एकाचं हेच. पाऊस नाही, शेतात काही नाही, पोरगं सोळाचं झालं की मुशीसमोर बसायला परमुलखात. तो दोन दिवस रेल्वेने प्रवास करून मताला आला होता. पारावर उमेदवार बोलून थांबला तेव्हा भावाने उठून विचारलं, "अण्णा, तुम्ही निवडून आलात आणि परत त्यांच्यातच गेलात तर आमच्या पाण्याचं काय?" उमेदवार म्हणाला, "जो पाणी देईल त्याच्या बाजूला बसेन." पक्ष कुठला, झेंडा कुठला, कोणी विचारलं नाही.

आणि ते झालं. अपक्षांच्या पाठिंब्याशिवाय मनोहर जोशींचं युती सरकार उभं राहू शकत नव्हतं. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं, कर्जरोखे काढून पैसा उभा राहिला, आमच्या दुष्काळी भागासाठीची टेंभू उपसा सिंचन योजना मार्गी लागली. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलेलं, २००० सालानंतर फेरविचार व्हायचा होता. चाळीस वर्षं एकाच पक्षाला डोळे मिटून मतं देऊन जे मिळालं नाही, ते पाच वर्षं अडवून धरल्याने सुरू झालं. १९९५ मध्ये लोकांनी सौदा केला, आणि तो चांगला केला.

गिरणगावकर

माणदेशीसाहेब, पाण्याचं तुमचं दुःख खरं आहे. पण तुमच्या तालुक्यावरून तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राचा निकाल लावताय, तो मला मान्य नाही.

अपक्षांवाचून सरकार बनलं नसतं म्हणता. कमी किती पडत होते? सात. १३८ जण कोणाच्या भांडणावर निवडून आले? मुंबईत ३४ जागा, बहुतेक सगळ्या युतीच्या. लालबाग-परळला काँग्रेसचा कुठला बंडखोर उभा होता?

ते मत एका रात्रीत पडलेलं नव्हतं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, माझे वडील तेव्हा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संप कधी मिटला असं कोणी जाहीर केलंच नाही, तो आपोआप विरला आणि त्याच्याबरोबर चाळीतली निम्मी माणसं गावाला परत गेली. राज्यात सरकार काँग्रेसचं, दिल्लीत काँग्रेसचं. १९८५ ला मुंबई महापालिका सेनेकडे आली. १९८८ ला औरंगाबाद महापालिकेत सेना मोठी झाली. १९९० ला युतीचे ९४ आमदार. मग ९२-९३ च्या दंगली आणि १२ मार्चचे स्फोट, २५७ माणसं गेली. दहा वर्षं चढत आलेला हा आलेख आहे, त्याला तुम्ही 'अडीच टक्के' म्हणून बाजूला सारताय.

१४ मार्चला शपथविधी राजभवनात न होता शिवाजी पार्कात झाला. आम्ही चाळीतले सगळे चालत गेलो. माझी आजी कोकणातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मैदानाच्या कडेला तिला कठड्यावर बसवलं. ती एवढंच म्हणाली, "मंत्री हयसर इले, आपणाक थंय जावचा लागला नाय." तिच्या दृष्टीने तो सत्ताबदल होता. त्याला सौदा म्हणणं मला लागतं.

निवृत्त मास्तर

मी १९९५ ला मतमोजणीवर होतो, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मतदारसंघात. त्यामुळे दोन शब्द.

मतदान ९ आणि १२ फेब्रुवारीला झालं आणि मोजणी मार्चमध्ये. महिनाभर पेट्या बंदोबस्तात. त्या काळी यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका. उमेदवार इतके की आमच्याकडची मतपत्रिका वर्तमानपत्राच्या पानासारखी उलगडावी लागायची. पेट्या उघडून आधी सगळ्या पत्रिका एकत्र मिसळायच्या, मग चिन्हानुसार खण. सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या टेबलावर एक गोष्ट दिसायला लागली ती सांगतो. पंजाचा खण आणि अपक्षाचा खण बरोबरीने भरत होते. धनुष्यबाणाचा त्यांच्या मागे, पण फार मागे नाही. शेवटी अपक्ष निवडून आला.

बाजूच्या मतदारसंघात तेच तीन खण होते आणि तिथे धनुष्यबाण आला. फरक किती, तर अपक्षाने तिथे थोडी कमी मतं घेतली एवढाच. माणदेशींचं गणित माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

पण त्यांच्या मांडणीत एक चूक आहे. ते म्हणतात लोक बंडखोराच्या मागे गेले ते पाण्यासाठी. माझ्या पाहण्यात मतदानच वाढलं होतं. राज्यात ७१ टक्क्यांच्या वर, १९९० पेक्षा जवळपास नऊ-दहा टक्क्यांनी जास्त. जी माणसं एरवी येत नसत ती आली. भांडण घरातलं असेल तर घरातलीच माणसं फुटतात, बाहेरची कशाला रांगेत येतील? लोक रागावलेले होते. अपक्ष हा राग काढायचं हाताशी असलेलं साधन होता.

मांजराकाठ

मास्तरांच्या शेवटच्या ओळीवर मी लातूर ठेवतो.

विलासराव देशमुख १९९५ ला लातूरमधून पडले. मंत्री होते, जिल्ह्यावर पकड होती, आणि पडले तेही मोठ्या फरकाने. कोणाकडून? सेनेकडून नाही, भाजपकडून नाही, काँग्रेसच्या बंडखोराकडूनही नाही. जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर निवडून आले. माणदेशी यांच्या सिद्धांतात ही जागा कुठे बसते? आणि गिरणगावकरांच्या भगव्या लाटेत तरी कुठे?

आमच्याकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप झाला होता. पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. सुमारे आठ हजार माणसं गेली. शरद पवारसाहेब मुख्यमंत्री होते, ताबडतोब पोहोचले, यंत्रणा हलवली. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानतो. एवढं करूनही सरकार पडलं.

याचं कारण मला असं दिसतं. पहिले तीन महिने सरकार होतं, नंतर राहिली कचेरी. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेल्या माणसाला विचारा. यादीत नाव आहे का, नाव आहे तर वर्गवारी कुठली, वर्गवारी बरोबर आहे तर घर कधी. माझे मामा किल्लारीजवळचे. त्यांच्या हातात एक चुरगळलेला कागद असायचा, प्लास्टिकच्या पिशवीत, तो घेऊन ते सोमवारी आणि गुरुवारी जायचे. ज्या दिवशी मतदान होतं त्या दिवशीही तो कागद खिशात होता. त्यांनी कोणाला मत दिलं मला माहीत नाही. कोणाला नाही दिलं ते मला माहीत आहे.

वऱ्हाडवाट

सगळे पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई बोलून राहिले, म्हणून मी विदर्भाचं सांगतो.

२३ नोव्हेंबर १९९४, नागपूर, हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. मागणी काय, तर आदिवासी म्हणून सवलत द्या. दिवसभर लोक थांबून राहिले, त्यांच्याशी बोलायला कोणी मंत्री आला नाही. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली. त्यात बाया आणि लेकरं जास्त. आदिवासी विकासमंत्री पिचड यांनी राजीनामा दिला. अडीच महिन्यांनी मतदान.

मी तेव्हा नागपूरला शिकायला होतो. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या त्या रस्त्यावर चपला पडल्या होत्या, ढिगाने. लहान लेकरांच्या पण. मनपाची गाडी येऊन त्या गोळा करत होती. तो रस्ता ज्याने पाहिला त्याला 'युती की अपक्ष' हा प्रश्न पडतच नाही. काँग्रेस नको, एवढंच होतं. विदर्भ म्हणजे इंदिराबाईंच्या पडत्या काळातही काँग्रेससोबत उभा राहिलेला मुलूख, तो त्या वर्षी हातचा गेला.

आता माणदेशीभाऊंच्या सौद्याबद्दल. तुम्ही सौदा केला, पाणी मिळवलं, अभिनंदन. पण पैसा कोणाचा होता? दांडेकर समितीने १९८४ मध्येच मोजून दिलं होतं की सिंचनात कोणता भाग किती मागे आहे, म्हणजे कोणाचा अनुशेष किती. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली, आमची आशा वाढली. आणि नवं सरकार येऊन पहिलं महामंडळ कोणाचं? १९९६ ला कृष्णा खोऱ्याचं. विदर्भाचं १९९७ ला. मराठवाड्याचं १९९८ ला. ज्या भागाने राग म्हणून सरळ युतीला मत दिलं तो रांगेत मागे राहिला, आणि ज्याने अडवून धरलं त्याला पहिलं ताट वाढलं. हा सौदा चांगला होता म्हणता तेव्हा कोणासाठी चांगला, ते पण लिहा.

माणदेशी

वऱ्हाडवाट, तुमचा राग समजतो, पण एक गोष्ट चुकीची जातेय. आम्ही बागायती सांगली-कोल्हापूर नाही. आटपाडी, सांगोला, जत, माण, खटाव इथे पावसाची सरासरी तुमच्या निम्म्याच्या आसपास. पश्चिम महाराष्ट्र म्हटलं की ऊस आणि कारखाने डोळ्यांसमोर येतात. आमच्या नशिबी चारा छावणी होती. नदीकाठच्या पुढाऱ्यांनी आम्हाला चाळीस वर्षं 'पश्चिम महाराष्ट्र' या नावाखाली झाकून ठेवलं. नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा घ्यायला सुरुवात केली, तेरा दुष्काळी तालुक्यांचे लोक बैलगाड्या घेऊन यायचे, ते कोणाच्या विरोधात? आमच्याच जिल्ह्यातल्या सत्तेच्या. तुमचा अनुशेष आणि आमचा अनुशेष एकाच घरचा आहे.

मांजराकाठ, लातूरची जागा माझ्या मांडणीत बसत नाही, हे कबूल.

गिरणगावकर, तुमच्या आजीचं वाचून थांबलो. मुंबईबद्दल तुमचं बरोबर. पण 'दहा वर्षांचा चढता आलेख' खरा असेल तर तो १९९९ ला का थांबला? १९९९ ला युतीची मतं कमी झाली नव्हती, वाढली होती. सेना सव्वासतराच्या वर, भाजप साडेचौदा, मिळून जवळपास ३२ टक्के. १९९५ पेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त. आणि सत्ता गेली! सेना ६९, भाजप ५६. तिकडे काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, दोघे एकमेकांविरुद्ध लढले आणि नंतर एकत्र आले. ज्या विलासरावांना लातूरने पाडलं होतं ते साडेचार वर्षांनी तिथूनच निवडून येऊन मुख्यमंत्री झाले.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. १९९५ ला अपक्षांची मतं २३.६ टक्के. १९९९ ला नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रवादीची मतं २२.६ टक्के. आणि अपक्ष आमदार ४५ वरून १२ वर. १९९५ ला ज्यांना बंड करायला घर नव्हतं त्यांना १९९९ ला दुसरं घर मिळालं.

निवृत्त मास्तर

हे मात्र तुम्ही ओढून ताणून जुळवताय. अपक्षांची मतं म्हणजे हजारो सुटे उमेदवार, त्यात अनामत गमावलेले किती. राष्ट्रवादीची मतं म्हणजे एका पक्षाची, एका नेत्याची. आकडे जवळ आले म्हणून माणसं तीच होत नाहीत. माझ्या गावात १९९५ ला अपक्षाचा झेंडा घेतलेले लोक १९९९ ला निम्मे राष्ट्रवादीत होते, पाव काँग्रेसमध्ये आणि बाकीचे तोपर्यंत सेनेत स्थिरावले होते.

डोंगरीकर

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, घरात कोकणी, शाळा मराठी. आमच्या वस्तीने १९९५ ला काय केलं ते कोणीच लिहिलं नाही.

आम्हीही काँग्रेसला सोडलं. बाबरी पडली तेव्हा दिल्लीत त्यांचं सरकार, जानेवारीच्या दंगलीत मुंबई जळत होती तेव्हा राज्यात त्यांचं सरकार. माझ्या अब्बांनी आयुष्यभर पंजावर शिक्का मारला होता. त्या वर्षी त्यांनी तो मारला नाही. मुंबईतून समाजवादी पक्षाचे आमदार पहिल्यांदा निवडून आले ते आमच्यासारख्यांच्या मतांवर. काँग्रेसच्या त्या सात टक्क्यांत आम्हीही आहोत, आणि आम्ही ना भगवा निवडला ना पाणी मागितलं.

सरकार बदललं, आणि जानेवारी १९९६ मध्ये नव्या सरकारने त्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोगच गुंडाळला. साक्षी चालू होत्या. वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या काळात, मे मध्ये, तो परत नेमला गेला. १९९८ ला अहवाल आला आणि सरकारने तो नाकारला. आमच्या मतानेसुद्धा ते सरकार आलं होतं, हे कळल्यावर अब्बा बरेच दिवस गप्प होते.

घाटकोपर पूर्व

डोंगरीकर यांच्यासारखंच आम्हा आंबेडकरी लोकांचंही. आधीच्या सरकारने १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार केला, बाबासाहेबांचं नाव दिलं, सोळा वर्षं रखडलेलं. त्याचं श्रेय त्यांना देतो. मराठवाड्यात त्याच मुद्द्यावर काँग्रेसची मतं फिरली आणि सेनेने ती घेतली, हेही सांगायला हवं. गिरणगावकर म्हणतात तो चढता आलेख काही ठिकाणी आमच्या विरोधातल्या रागावर चढलेला आहे.

११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात काय झालं ते मी घरातून ऐकलं. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, लोक महामार्गावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसं गेली. सत्ताबदल आमच्या दारात असा आला.

आणि त्याचं उत्तरही आम्ही मतानेच दिलं. १९९८ ची लोकसभा आठवा. काँग्रेस, रिपब्लिकन आणि समाजवादी एकत्र, ४८ पैकी काँग्रेस ३३ आणि रिपब्लिकन पक्षाचे चारही उमेदवार खासदार. आंबेडकर अकोल्यातून, गवई अमरावतीतून, कवाडे चिमूरमधून, आठवले मुंबईतून. युती दहावर आली. १९९९ चा निकाल पवारसाहेबांच्या फुटीमुळे गुंतागुंतीचा झाला, पण सरकार नको हे लोकांनी दीड वर्ष आधीच सांगून ठेवलं होतं. माणदेशींनी १९९५ वरून थेट १९९९ वर उडी मारली, मधलं १९९८ त्यांच्या सोयीचं नाही.

गिरणगावकर

घाटकोपर पूर्व आणि डोंगरीकर, तुमचं वाचलं. मी तुमच्याशी वाद घालणार नाही. जे झालं ते झालं नाही असं मी कधी म्हटलेलं नाही. गिरण्यांच्या जमिनींवर आम्हाला जी घरं मिळायची होती तीही त्या पाच वर्षांत मिळाली नाहीत, चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं हे वचन होतं, तेही तसंच राहिलं. पण माझं म्हणणं एवढंच की लोकांनी विचार करून निवड केली होती. निवड चुकली असेल, फसली असेल, पण ती निवड होती. 'काँग्रेसच्या भांडणात आपोआप आलेलं सरकार' असं म्हटलं की माझ्या वडिलांचं मत कोणाच्या तरी हिशेबातली चूक ठरतं. ते मी मानणार नाही.

वाटेवरची

एक छोटी गोष्ट. एक रुपयात झुणका-भाकर हे वचन सगळ्यांना आठवतं. माझ्या मावशीला एसटी स्टँडजवळ ते केंद्र मिळालं होतं. नवरा गेलेला, दोन मुलं. पहाटे चारला ज्वारीचं पीठ मळायला बसायची, सातच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरची रांग लागायची. एक भाकरी, वर झुणका, बाजूला ठेचा. रुपयात तिला परवडत नव्हतं, म्हणून तिने चहा ठेवला, मग वडे. पुढे ती योजना बंद झाली. टपरी राहिली आणि तिच्यावरच दोघांची शिक्षणं झाली.

तुम्ही सगळे टक्क्यांत बोलताय. मावशी आयुष्यभर त्याच एका चिन्हाला मत देत राहिली, टपरीमुळे. कोणी तिला कितीही समजावलं तरी.

मांजराकाठ

माणदेशी, एक प्रश्न राहिला. अपक्षांनी पाणी मागितलं हे मान्य. पण त्यांतले बरेचसे पुढे पुन्हा दोन्ही काँग्रेसमध्ये गेले, काही मंत्री झाले, कारखाने तेच, जिल्हा बँका त्याच. मंत्रालयात सरकार बदललं आणि तालुक्यात कोणीच बदललं नाही. सौदा तुमच्या भावाने केला की उमेदवाराने?

माणदेशी

मांजराकाठ, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारलाय. उमेदवाराने स्वतःसाठीही केला, यात शंका नाही. तालुक्यात कोणी बदललं नाही हेही खरं. शीर्षकात मी 'युतीने की अपक्षांनी' असं विचारलं ते आता मला अपुरं वाटतंय. गोवारींचा रस्ता, किल्लारीचा कागद, डोंगरीकरांच्या अब्बांनी न मारलेला शिक्का, हे सगळं माझ्या बेरजेत नव्हतं. १९९८ बद्दल घाटकोपर पूर्व यांचं बरोबर आहे, मी ते साल वगळलं. वगळायला नको होतं.

पण त्या ४५ जणांना संधिसाधू म्हणून मोडीत काढू देणार नाही. योजना कागदावर आल्यापासून पाणी शेतापर्यंत यायला किती वर्षं लागली ते आमच्याकडे कुणालाही विचारा. मधे पंप बसले, बिलं थकली, पंप बंद पडले, पुन्हा मोर्चे निघाले. सरकारं आली आणि गेली. पण १९९६ ला ती कागदावर आली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. कालव्याला पाणी आलं तेव्हा वडील थकले होते. त्यांना मोटारसायकलवर मधे बसवून आम्ही घेऊन गेलो. ते खाली उतरले, पायातलं काढून कडेला ठेवलं आणि पाण्यात उभे राहिले. भाऊ परत आला नाही, त्याचं दुकान तिकडेच आहे. त्याच्या पोराने मात्र इथे तीन एकर डाळिंब लावलंय.

वऱ्हाडवाट

भाऊ, तुमच्या वडिलांना पाणी पाहायला मिळालं, बरं वाटलं वाचून. अनुशेष एकाच घरचा म्हणालात, तेही मानतो. आमच्या गावच्या शिवारातून कालवा खोदून गेलाय, काँक्रीटचा. माझा बाप त्याच्यात उतरून पलीकडच्या वावरात जातो, कोरड्या पायाने. तेरा तालुक्यांनी ती परिषद कशी बांधली, वर्गणी कशी काढली, गावागावांतून माणसं कशी आणली, हे तुम्हाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. आमच्याकडचे चार-पाच जण वाचायला बसलेत.